आधी वाच, मग विसर

मीना सलमान हे मनामाचं जुनं बंदर. २००९ साली मालवाहतूक नव्या खलिफा बिन सलमान बंदरात हलली, पण शेजारच्या जुफेरमधली हॉटेलं आणि त्यातले बँड तिथेच राहिले. अशाच एका बँडमधल्या गोव्याच्या सरांकडे मी सॅक्सोफोन शिकतो. स्मूथ जॅझ, म्हणजे केनी जी वगैरे. (नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत!) सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी नोटेशन वाचायला शीक, मग विसरायला."

या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना दो-रे-मी आणि व्हायोलिन शिकवत. असा वाचता येणारा वादक पोटासाठी मुंबईत आला की त्याला बँडमध्ये काम मिळे. पण जॅझ कागदावर पुरता मावत नाही. स्वर किंचित उशिरा सोडायचा, सूर जरा वाकवायचा, ऐनवेळी सुचेल ते वाजवायचं, हे लिहिणार कसं? ते शिकायला गुरू लागतो. तो आला १९३५ साली. लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवू लागला. त्यानंतर तिथे ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ (हो, हेच नाव!) आणि पियानोवाला टेडी वेदरफर्ड यांचे बँड गाजले. गोव्याची पोरं त्यांचं ऐकून, त्यांच्यासोबत वाजवून तयार झाली.

आपलं नेमकं उलट. ऐनवेळचा विस्तार आपल्या रक्तात, पण चाळीस वादकांना एकाच वेळी वेगवेगळं काय वाजवायचं ते लिहून देणार कोण? सिनेमाला तेच हवं होतं. हळदोण्याचा आंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट आर्मस्ट्राँगच्या ढंगात ट्रम्पेट वाजवायचा. आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्याला हाताशी धरलं. 'अलबेला'त (१९५१) तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी असंख्य गाण्यांचा वाद्यमेळ लिहिला. श्रेयनामावलीत मोठं नाव संगीतकाराचं. यांचं आलंच तर 'सहाय्यक' म्हणून. मला हे अजूनही खटकतं.

गोन्साल्विसांचं नाव घरोघरी पोचलं ते १९७७ साली, 'अमर अकबर अँथनी'तून. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आणि प्यारेलाल गोन्साल्विसांचे व्हायोलिनचे शिष्य. आपण मात्र ते नाव अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं समजून नाचत राहिलो.