शेजारी शाळा चालू होती

डेट्रॉइटच्या कॅस टेक्निकल हायस्कूलचा संसार १९०७ साली एका जुन्या शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर सुरू झाला. मोटारींचं शहर नुकतं आकार घेत होतं आणि कारखान्यांना यंत्रावर हात बसलेली मुलं हवी होती. जागा पुरेना. १९२२ साली सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर नवी इमारत उभी राहिली, तीही आठ मजली. मुलांनी एक विषयशाखा निवडायची आणि तिच्यात पक्कं व्हायचं, अशी इथली रीत.

शिक्षकांतही एकेक नमुना. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग एकट्यानं विमानातून अटलांटिक ओलांडून पॅरिसला उतरला, तेव्हा त्याची आई इव्हँजेलिन इथं रसायनशास्त्र शिकवत होती. पण शाळेचं खरं वैभव संगीत. सरकारी शाळेत हार्प शिकवतात, हे आपल्याला ऐकूनही खरं वाटायचं नाही. हार्पला जॅझमध्ये मानाची जागा मिळवून देणारी डोरोथी अ‍ॅशबी इथलीच. रॉन कार्टर चेलो वाजवायचा. कृष्णवर्णीय चेलोवादकाला बाहेर कार्यक्रम मिळत नाहीत, हे त्याला कळून चुकलं होतं. तेवढ्यात वाद्यवृंदातला बेसवादक शाळा संपवून गेला आणि कार्टरनं डबल बेस उचलला. पुढं त्याच वाद्यावर त्यानं दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणांत साथ केली. डायना रॉस मात्र इथं गाणं नव्हे, फॅशन डिझाइन शिकत होती. ती १९६२ साली बाहेर पडली.

१९५० साली साडेअठरा लाखांचं असलेलं शहर २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्या आत आलं. शाळांमागून शाळांना कुलपं लागली. कॅस टेकचं दुखणं वेगळं होतं. मुलं संपली म्हणून ती इमारत ओस पडली नाही. २००५ साली शेजारीच नवी इमारत झाली आणि शाळा तिकडं गेली. जुनीचं काय करायचं, हे काही लवकर ठरेना. मग भंगारचोर आले, २००७ साली आग लागली, आणि विजेरी नि कॅमेरे घेऊन हौशी मंडळी आत शिरू लागली.

तिथं टिपलेलं सर्वांत गाजलेलं छायाचित्र छायाचित्रकार अ‍ॅन्ड्र्यू मूरचं. भिंतीवरचं घड्याळ, उष्णतेनं वितळलेलं, तबकडी खाली ओघळलेली. साल्वादोर दालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र आठवल्याशिवाय राहत नाही. २०१० साली मूरचं ‘डेट्रॉइट डिसअसेम्बल्ड’ हे पुस्तक आलं, त्याच साली इव्ह मार्शां आणि रोमँ मेफ्र या फ्रेंच जोडीचं ‘द रुइन्स ऑफ डेट्रॉइट’. शहरातल्यांना हे सगळं रुचलं नाही. दुसऱ्याच्या पडझडीकडं असं चवीनं बघण्याला त्यांनी ‘रुइन पोर्न’ म्हटलं. शब्द कडवट आहे, पण मला तो निव्वळ चिडीतून आलेला वाटत नाही. घड्याळाचं छायाचित्र देखणंच आहे. पण ते पाहणाऱ्याला वाटतं की शाळेची वेळ तिथंच थांबली. प्रत्यक्षात चार पावलांवर तिच्याच नावाच्या इमारतीत तास भरत होते. चौकटीत ते येत नाही, आणि आलं असतं तर छायाचित्राचा रुबाब उतरला असता, हेही खरं.

यावर एक तोड डेट्रॉइटमधूनच निघाली. अवशेषांची छायाचित्रं काढणाऱ्या एकानं शाळेच्या वार्षिकांकांतली जुनी छायाचित्रं घेतली, नेमक्या त्याच कोनांतून पडक्या इमारतीची नवी टिपली, आणि दोन्ही एकात एक मिसळली. सोललेल्या भिंतींमध्ये लॉकरपाशी हसत उभी असलेली मुलं. पडझडीत भरलेला वर्ग. जागेवर नुसतं हळहळणं आणि तिथं कोण वावरलं हे दाखवणं, यांतला फरक इथं कळतो. मला मूरच्या घड्याळापेक्षा हे काम मोठं वाटतं. कलाकुसरीत ते कदाचित डावं ठरेल.

जुनी इमारत २०११ साली पाडली. कॅस टेकमध्ये प्रवेश परीक्षा देऊनच मिळतो, आणि आत गेल्यावर शाखा निवडावी लागते, हे मात्र नव्या इमारतीतही चालूच राहिलं.