यंत्र होतं, निर्णय नव्हता

"आपल्याकडे सिस्टीम आहे हो" हे वाक्य बातमीदारीत मी शेकड्यानं ऐकलंय. म्हणून हा इतिहास सांगतो.

नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांच्या पडद्यावर एकदम सूचना झळकवणं नवीन नाही. युनिक्समध्ये एकाच संगणकावर काम करणाऱ्या सगळ्यांना संदेश दाखवणारी 'वॉल' ही आज्ञा १९७० च्या दशकातली. विंडोजमध्ये 'नेट सेंड' होतं. जाहिरातबाजांनी त्यावरून इतका उच्छाद मांडला, की २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपीच्या सुधारणेत ती सेवा बंदच करून दिली.

आता १६ एप्रिल २००७. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या. प्रकरण आपसातलं असावं, असा पोलिसांचा समज झाला. सगळ्यांना पहिला ई-मेल गेला ९.२६ ला. त्यातही एवढंच, की गोळीबार झालाय, पोलीस तपास करताहेत, सावध राहा, काही संशयास्पद दिसलं तर कळवा. मारेकरी मोकाट आहे, बाहेर पडू नका, हे नाहीच. पंधराएक मिनिटांत त्यानं नॉरिस हॉलमध्ये आणखी ३० जणांना मारलं. एकूण बळी ३२. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती.

२००८ मध्ये तिथं कायदाच झाला: धोक्याची खात्री पटली, की कॉलेजनं विनाविलंब इशारा द्यायचा.

२०२३ मध्ये आपल्याही मोबाइलवर चाचणीचा इशारा खणखणला. चांगलंच आहे. पण आपल्या तालुक्यात रात्री दोनला पूर आला, तर इशारा द्यायचं कोण ठरवणार? कुणाला विचारून? पावसाळ्याआधी विचारा. लेखी उत्तर मागा.