नांदेड ते चिक्कडपल्ली : विमानाने किती, रस्त्याने किती?

नांदेड : हैदराबादला दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी किंवा पाहुण्यांकडे जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, अंतर किती? कुणी 230 सांगतो, कुणी 245, कुणी 275 किलोमीटर. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

नकाशावर नांदेडपासून चिक्कडपल्लीपर्यंत सरळ रेघ ओढली तर सुमारे 230 किमी भरतात. हे झाले हवाई अंतर. पण विमान काही चिक्कडपल्लीत उतरत नाही. मार्च 2008 पर्यंत प्रवासी विमाने बेगमपेठला उतरत, तिथून घर रिक्षाच्या अंतरावर. आता विमानतळ शहराच्या दक्षिणेला शमशाबादला, म्हणजे नांदेडहून येणाऱ्यासाठी शहराच्या पार पलीकडे. त्यामुळे विमानतळ ते विमानतळ अंतर सुमारे 245 किमी होते आणि उतरल्यावर जवळपास 30 किमी उलटे शहरात यावे लागते. बेरीज करून पाहा, आकडा रस्त्याच्या अंतरापाशीच येऊन थांबतो!

रस्त्याने नांदेड, नरसी, देगलूर, मदनूर, पिटलम, संगारेड्डी असा राष्ट्रीय महामार्ग 161 सोयीचा. संगारेड्डीपर्यंत गाडी बरी पळते. खरा वेळ जातो तो पुढे. पटानचेरू, कुकटपल्ली, अमीरपेठ असे पश्चिमेकडून शहरात शिरून हुसेनसागरच्या पूर्वेला असलेली चिक्कडपल्ली गाठायची, म्हणजे शेवटचे 60 किमी. संध्याकाळी याच टप्प्यात दीड-दोन तास सहज जातात. एकूण सहा तास धरून निघावे.

विमानाचा हिशेब वेगळा. हवेत तासाभराचाच प्रवास, पण दोन तास आधी विमानतळावर, उतरल्यावर सामान आणि मग टॅक्सी. घरापासून घरापर्यंत साडेचार तास होतातच. वाचतो तो जेमतेम दीड तास. देगलूर, बिलोलीकडच्या माणसाने तर विमानाचा विचारच करू नये. देगलूरहून हैदराबाद दोनशे किमीच्या आसपास आणि विमानासाठी आधी 80 किमी मागे नांदेडला जायचे, हा कुठला व्यवहार?

तरीही या मार्गाला मान आहे. 27 एप्रिल 2017 रोजी ‘उडान’ योजनेतील पहिल्या विमानांना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शिमल्याहून हिरवा झेंडा दाखवला, त्यात नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा तेव्हा ठरली. ती सेवा देणारी ट्रूजेट 2022 मध्ये बंद पडली, 2024 मध्ये स्टार एअर आली. सेवा अशी सुरू-बंद होत राहते. म्हणून पेशंटची अपॉइंटमेंट घेण्याआधी त्या दिवशी विमान आहे का, हे बघून घ्यावे. तिकीट नंतर, चौकशी आधी.

रात्रीच्या प्रवासाला मात्र रेल्वेच बरी. निजामाबादमार्गे जाणारी गाडी काचीगुड्याला सोडते, तिथून चिक्कडपल्ली दोन-तीन किमी. बसने एमजीबीएसला उतरणाऱ्यांसाठी फेब्रुवारी 2020 पासून मेट्रो आहे : सुलतान बाजार, नारायणगुडा आणि तिसरे स्टेशन चिक्कडपल्ली.