न झालेल्या युद्धाचा बखरकार

इतिहासकाराला एक मोठी सोय असते. त्याची पात्रे मेलेली असतात. ती दारात येऊन भांडत नाहीत, की अब्रुनुकसानीची नोटीस धाडत नाहीत. त्यामुळे गतकाळातल्या थोरामोठ्यांविषयी खरे बोलणाऱ्याला लोक सहसा शाबासकीच देतात. पण तेच खरे कुणी उद्याविषयी बोलू लागला तर? ह्या प्रश्नाचे उत्तर मला एका इंग्रज दिग्दर्शकाच्या चरित्रात सापडले. त्याचे नाव पीटर वॉटकिन्स.

वॉटकिन्सचा जन्म १९३५ सालचा, सरे परगण्यातला. हौशी मंडळी जमवून लहान लहान चित्रपट काढण्याचा त्याला नाद. १९५६ च्या हंगेरीतल्या उठावावर त्याने १९६१ मध्ये एक छोटा चित्रपट केला. त्यात बुडापेस्ट म्हणून जे रस्ते दिसतात ते चक्क इंग्लंडातल्या कँटरबरी गावचे! पण पाहणाऱ्याला वाटावे, कुणी जिवावर उदार होऊन ही बातमी टिपून आणली आहे. हे कसब घेऊन तो बी. बी. सी. च्या नोकरीत शिरला, आणि १९६४ च्या डिसेंबरात त्याचा 'कलोडन' टेलिव्हिजनवर झळकला. तेव्हा तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता.

कलोडन हा स्कॉटलंडमधला एक माळ. १६ एप्रिल १७४६ रोजी तेथे लढाई झाली. एका बाजूला ब्रिटनच्या गादीवर आपल्या घराण्याचा हक्क सांगणारा राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट आणि त्याच्यामागे हायलँड्समधली डोंगरी घराणी. दुसऱ्या बाजूला ड्यूक ऑफ कंबरलँडची कवायती फौज. तासाभराच्या आत सारा निकाल लागला. पुढे ह्या राजपुत्राभोवती गोड गाणी आणि कादंबऱ्या रचल्या गेल्या. वॉटकिन्सने काय करावे? त्याने त्या माळावर टेलिव्हिजनचा वार्ताहर नेऊन उभा केला! हा वार्ताहर भुकेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या माणसांपुढे कॅमेरा धरतो आणि ती कोण, कुठली, हे आपल्याला सांगतो. मग हळूहळू कळू लागते, की यातले कितीतरी जण राजपुत्रासाठी आलेलेच नाहीत. ते कुळे आहेत. जमीनदाराने हुकूम केला म्हणून आले आहेत. लढाई संपल्यावर जखमींची कत्तल होते, घरे जळतात, आणि कॅमेरा तेथून हलत नाही. कामे करणारे सारे हौशी, बरेचसे त्याच भागातले.

त्या डोंगरी मुलखाचे कंबरडे मोडल्यावर तेथील तरुण ब्रिटिश पलटणींत भरती होऊ लागले. १८०३ साली आपल्या असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आलेल्या ७४ आणि ७८ ह्या दोन पलटणी हायलँडर्सच्याच होत्या. 'कलोडन' पाहिल्यापासून असईचे वर्णन वाचताना मला त्या गोऱ्या शिपायांचे चेहरेही दिसतात. चांगल्या इतिहासाने एवढे तरी करावे.

'कलोडन'ची वाहवा झाली. मेलेल्यांपैकी कुणी तक्रार केली नाही. मग वॉटकिन्सने तोच कॅमेरा उद्याकडे वळवला.

१९६५ मध्ये त्याने 'द वॉर गेम' तयार केला. इंग्लंडच्या केंट परगण्यात अणुबॉम्ब पडला तर काय होईल, हे तो पाऊण तासात दाखवतो. येथेही बातमीचाच थाट, येथेही नवखी माणसे. पण कल्पनेच्या भराऱ्या नाहीत. हँबर्ग, ड्रेस्डेन, हिरोशिमा येथे जे घडून गेले तेच त्याने केंटच्या गल्लीत आणून ठेवले. आग वारा ओढून घेते, माणसे गुदमरतात. ज्यांच्यावर उपाय उरलेला नाही त्यांना पोलीस गोळ्या घालतात. मृतांची ओळख पटावी म्हणून त्यांच्या बोटांतल्या लग्नाच्या अंगठ्या काढून बादलीत जमवल्या जातात. सणासुदीच्या अंकात हे कशाला, असे वाचक म्हणतील. पण मला ती बादली विसरता आलेली नाही. त्यातली एकेक अंगठी म्हणजे एकेक संसार.

बी. बी. सी. चे अध्यक्ष लॉर्ड नॉर्मनब्रुक हे पूर्वी मंत्रिमंडळाचे सचिव होते. त्यांनी हा चित्रपट सप्टेंबरात सरकारी अधिकाऱ्यांना दाखवला. नोव्हेंबरात बी. बी. सी. ने जाहीर केले, की चित्रपट प्रक्षेपणासाठी फार भयंकर आहे. निर्णय आमचा आम्ही घेतला, सरकारच्या दडपणाने नव्हे, असेही सांगितले. त्या वेळी सरकार अण्वस्त्रांवर विसंबून होते आणि नागरी संरक्षणाची आश्वासने देत होते. ती आश्वासने किती पोकळ आहेत हे घरोघरी दिसले असते, तर अडचण कुणाची झाली असती हे सांगायला नको.

वॉटकिन्सने नोकरी सोडली. चित्रपटाला चित्रपटगृहांत जाण्याची मुभा मिळाली, आणि १९६७ साली सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर! जे कधी घडलेच नाही त्याची 'माहिती' म्हणून जगाने नोंद केली. ब्रिटनच्या टेलिव्हिजनवर मात्र तो दिसायला १९८५ चा जुलै उजाडावा लागला. वीस वर्षे!

मधल्या काळात ह्या माणसाची वणवण चालू होती. १९६७ मध्ये 'प्रिव्हिलेज' काढून त्याने इंग्लंड सोडले. स्वीडन, अमेरिका, नॉर्वे असे मुक्काम झाले. नॉर्वेच्या चित्रकारावरचा 'एडवर्ड मुंक' हा त्याचा १९७४ चा चित्रपट कित्येक जाणकार सर्वश्रेष्ठ मानतात. २००० साली त्याने पॅरिसच्या १८७१ मधल्या कम्यूनवर सुमारे पावणेसहा तासांचा चित्रपट केला, तोही एका बंद कारखान्यात, दोनशेहून अधिक माणसे घेऊन. त्यातही टेलिव्हिजन आहेच: एक सरकारचा, एक बंडखोरांचा. फ्रान्समध्ये तो दाखवला गेला, पण रात्री, लोक झोपण्याच्या वेळी. कुलूप लावण्याचे प्रकार अनेक असतात.

वॉटकिन्स २०२५ मध्ये, नव्वदी गाठून वारला. त्याची आठवण झाली की मला त्या कम्यूनच्या चित्रपटातली एक गोष्ट आठवते. काम करणारी माणसे मध्येच आपली भूमिका बाजूला ठेवतात, आणि वार्ताहर त्यांना विचारतो: आज, तुमच्या स्वतःच्या काळात, तुम्ही असे रस्त्यावर उभे राहाल का? कुणी हो म्हणतो, कुणी घुटमळतो. मीही तो प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. अजून मी घुटमळणाऱ्यांतच आहे.