अनुस्फुरक इन्फ्ल्यूएंझा विषाणू

इन्फ्ल्यूएंझा विषाणूच्या आनुवंशिक द्रव्यात अनुस्फुरक प्रथिनाचे जनुक घालून तयार केलेले सूचक विषाणू. एका रंगाचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणे म्हणजे अनुस्फुरण होय. असा विषाणू ज्या कोशिकेत (पेशीत) शिरून वाढू लागतो, ती योग्य प्रकाशात धरल्यास चमकते व संसर्ग कोठवर पोहोचला ते कळते.

मानवी इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांनी १९३३ मध्ये लंडन येथे फेरेट या लहान मांसाहारी प्राण्याच्या साहाय्याने वेगळा केला. त्यानंतर पुष्कळ वर्षे विषाणूचे अस्तित्व परिणामांवरूनच ओळखावे लागे : प्राण्याला येणारा ताप, कोंबडीच्या अंड्यातील वाढ किंवा जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये दाखविलेले तांबड्या रक्तकोशिकांचे समूहन. त्याच सुमारास अ‍ॅल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडांना अनुस्फुरक रंजक जोडण्याची पद्धत काढली. तिच्यामुळे संक्रमित कोशिका दिसू लागल्या खऱ्या. पण विषाणूची अंतर्गत प्रथिने पाहावयाची तर कोशिका आधी मारावी लागे. घडत जाणाऱ्या संसर्गाचा एक गोठलेला क्षण तेवढा हाती येई.

जिवंत कोशिकेत चमकणारे द्रव्य मिळाले ते एका जेलीफिशपासून. ओसामू शिमोमुरा यांना १९६२ मध्ये एक्वोरिया व्हिक्टोरिया या जातीत हिरवे अनुस्फुरक प्रथिन आढळले. डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचे जनुक वेगळे केले व इतर संशोधकांनाही पुरविले. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जंतूत व सूत्रकृमीत कार्यक्षम करून दाखविले. रॉजर त्सिएन यांनी त्यात फेरफार करून ते अधिक तेजस्वी केले व इतर रंग मिळविले. शिमोमुरा, चाल्फी व त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रॅशर यांचे नाव त्यात नव्हते.

हे जनुक इन्फ्ल्यूएंझा विषाणूत घालणे मात्र सोपे नव्हते. या विषाणूचे आरएनए आठ खंडांत विभागलेले असून ते ऋण प्रकारचे असते. विषाणूच्या स्वतःच्या प्रथिनांवाचून ते नुसते कोशिकेत घातल्यास निष्क्रिय राहते. पीटर पालेझे यांच्या न्यूयॉर्क येथील गटाने १९८९ मध्ये परके जनुक विषाणूच्या खंडाच्या टोकांमध्ये बसवून ते विषाणूकडून वाहून नेता येते, असे दाखविले. १९९९ मध्ये योशिहिरो कावाओका यांच्या गटाने, तसेच ऑक्सफर्ड व न्यूयॉर्क येथील संशोधकांनी संपूर्ण विषाणू केवळ प्लास्मिडांपासून (डीएनएच्या वर्तुळाकार रेणूंपासून) घडविला. त्यानंतर कोणत्याही खंडात हेतुपुरस्सर बदल करणे शक्य झाले.

तरीही जागेचा प्रश्न उरतोच. हिरव्या प्रथिनात २३८ अ‍ॅमिनो अम्ले असतात, म्हणजे त्याच्या जनुकाला सु. ७२० न्यूक्लिओटाइडे लागतात. सर्वांत लहान, एनएस हा खंड जेमतेम ८९० न्यूक्लिओटाइडांचा असून त्यावर दोन प्रथिनांची माहिती एकमेकींवर चढलेली असते. एवढ्याशा खंडावर जवळजवळ त्याच्याइतकेच ओझे लादणे म्हणजे विषाणू दुबळा करणेच होय. व्हिएन्नातील संशोधकांनी २००४ मध्ये एनएस १ हे प्रथिन आखूड करून त्याला हिरवे प्रथिन जोडले; पण आश्रयी शरीराचा इंटरफेरॉनरूपी प्रतिकार मोडण्याचे काम याच प्रथिनाकडे असते. न्यूयॉर्क येथे बालाजी मनिकासामी, अडोल्फो गार्सीआ-सास्त्रे इत्यादींनी २०१० मध्ये एनएस १ पूर्ण ठेवून दोन्ही प्रथिने स्वतंत्रपणे निर्माण होतील अशी रचना केली. या विषाणूमुळे उंदरांच्या श्वसनमार्गातील अस्तराच्याच नव्हे, तर प्रतिरक्षेच्या अनेक कोशिकांतही हिरवा प्रकाश आढळला.

कावाओका यांच्या गटाने २०१५ मध्ये निळसर, हिरवा, पिवळा व तांबडा अशा चार रंगांचे विषाणू प्रसिद्ध केले. दुबळेपणा घालविण्यासाठी विषाणू उंदरांमधून पुनःपुन्हा नेऊन त्यांच्याशी जुळवून घेतलेला प्रकार निवडण्यात आला होता. दोन रंगांचे विषाणू एकत्र दिल्यास ते एकाच कोशिकेत शिरले काय, हेही कळते. खंडांची अदलाबदल होण्यास अशी गाठ पडावीच लागते व १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू अशाच अदलाबदलीतून उद्भवले होते.

प्रकाशाच्या साक्षीला मर्यादा आहेत. परके जनुक विषाणूच्या उपयोगाचे नसल्याने पिढ्यांमागून पिढ्या वाढताना ते गळून पडते. ज्यांनी ते टाकले ते विषाणू अधिक वेगाने वाढतात आणि न चमकता वाढतात. त्यामुळे अंधारी कोशिका निरोगी असेलच असे नाही. विषाणूचा नायनाट करून जगलेली कोशिकाही कालांतराने अंधारी होते. या दुसऱ्या अडचणीवर पालेझे व बेंजामिन टेनओव्हर यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वेगळा उपाय योजला. त्यांच्या विषाणूत अनुस्फुरक प्रथिनाऐवजी क्रे या विकराचे (एंझाइमाचे) जनुक होते. त्याचा स्पर्श झालेली उंदराची कोशिका स्वतःच्या आनुवंशिक द्रव्यातील बदलामुळे कायमची चमकू लागे. विषाणू नाहीसा झाल्यावरही फुप्फुसांत अशा कोशिका सापडल्या. त्या सूक्ष्म श्वासनलिकांच्या अस्तरातील स्रावी क्लब कोशिका होत्या. संसर्ग झालेली कोशिका मरतेच, ही समजूत त्यामुळे सोडावी लागली. या वाचलेल्या कोशिका दाह वाढविणारे पदार्थ निर्माण करीत होत्या व त्या नष्ट केल्यावर फुप्फुसांची हानी कमी झाली.