हसदेवकाठचा समुद्र

भिलाईस नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या कोकणच्या माणसास पहिली उणीव भासते ती समुद्राची. मुंबई रेल्वेने हजार किलोमीटरांहून दूर. पुरीचा किनाराही सहज गाठण्याजोगा नाही. परंतु छत्तीसगडच्या याच भूमीत एके काळी समुद्र शिरला होता, आणि त्याची साक्ष राज्याच्या उत्तर भागात मनेंद्रगडनजीक हसदेव नदीच्या काठी आजही उभी आहे.

सन 1954 मध्ये भूवैज्ञानिक एस. के. घोष यांस येथील खडकांत सागरी जीवांचे अवशेष आढळले. त्यांतील प्रमुख म्हणजे 'युरिडेस्मा' हा जाड कवचाचा, दोन शिंपांचा प्राणी; आपल्याकडील तिसऱ्या-कालवांचा दूरचा आप्तच म्हणावयाचा. ही प्रजाती सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी नांदत होती. पुढे ती पृथ्वीवरून समूळ नष्ट झाली.

शिंपला लहान असला तरी त्याची साक्ष मोठी आहे. हा प्राणी थंड पाण्यात वाढणारा. त्याचे अवशेष ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका खंडाचा भाग आणि दक्षिण अमेरिका येथेही सापडतात. हे भूभाग पूर्वी एकमेकांस लागून होते, या मतास त्यामुळे बळ मिळते. त्या महाखंडास शास्त्रज्ञांनी 'गोंडवन' म्हटले, आणि ते नाव त्यांनी उचलले ते आपल्या भोवतालच्या गोंडांच्या मुलखावरूनच.

त्या काळी येथे हिमनद्या होत्या. बर्फ वितळले, समुद्राची पातळी चढली, आणि पाणी खंडाच्या आत शिरले. समुद्र फार काळ टिकला नाही. पुढे दलदलीची अरण्ये वाढली, गाडली गेली आणि त्यांचाच कोळसा झाला. आज जग या प्रदेशास चिरमिरीच्या कोळशामुळे ओळखते. बर्फ आणि कोळसा यांच्यामधले समुद्राचे पान मात्र थोडक्यांनीच वाचले आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हे स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक मानले आहे. तथापि स्मारकाचे खरे रक्षण पाहणाराच्या हाती असते. आठवण म्हणून खिशात टाकलेला एक शिंपला म्हणजे ग्रंथातून फाडलेले पान होय. कारण तो ज्या थरात सापडला, त्या थरावाचून त्याची साक्ष मुकी होते.

हसदेव अखेर महानदीस मिळते, आणि दुर्गजवळून वाहणारी आपली शिवनाथही तिलाच. दोघींचे पाणी समुद्राकडेच जाते. समुद्र मात्र एकदा स्वतः येथवर आला होता, हे परमुलखात राहणाऱ्या आपण विसरू नये.