वस्ताद, एक्स-रे आणि पडण्याचे शास्त्र

अंबड तालुक्यातले एक आजोबा मागच्या महिन्यात ओपीडीत आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. न्हाणीत पाय घसरून पडले होते. खुब्याचे हाड थोडक्यात वाचले होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तालमीत होतो तेव्हा रोज पन्नासदा आपटायचो, काही होत नव्हतं. आता एकदा पडलो तर घरातले रडायला लागले!"

आजोबांची ही तक्रार आज संशोधनाचा मोठा विषय आहे. युद्धकलेतला माणूस तोल कसा राखतो, पडतो कसा, आणि ते आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाला शिकवता येते का? या विषयाची सुरुवात परदेशात झाली असे आपल्याला वाटते. पण त्याचा एक जुना धागा मराठी माणसांच्या आखाड्यातून जातो.

पूर्वी आखाडा म्हणजे अर्धा दवाखानाच असे. पैलवानाचा खांदा निखळला, मनगट मुरगळले की वस्तादच बघत. बडोद्याला जुम्मादादा नावाचे असे एक नामी उस्ताद होते. त्यांचे शिष्य गजानन यशवंत माणिकराव, म्हणजे पुढचे राजरत्न प्रा. माणिकराव, यांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणले. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती हे सगळे तिथे शिकवत, आणि माणिकराव हाड बसवण्यातही निष्णात होते. शिकवणारा आणि बरा करणारा एकच.

१९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे हा तरुण त्यांच्याकडे शिकला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. गुरूंच्या शब्दावर विसंबून न राहता त्यांनी १९२०च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात एक्स-रे आणि दाबमापक लावून उड्डियान व नौली करताना पोटात काय घडते ते तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांना दिसले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. शंभर वर्षांपूर्वी आखाड्यातून आलेला माणूस "वाटते" ऐवजी "मोजले" म्हणू लागला, याचे मला डॉक्टर म्हणून फार अप्रूप आहे.

पण मोजमाप योगाच्या वाट्याला आले, लाठी-मल्लखांबाच्या वाट्याला फारसे आले नाही. पन्नासच्या दशकात मुंबईत फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. १९५५ साली हाजी अलीला अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली. ते शास्त्र पाश्चात्त्य पुस्तकांतून आले, तालीम बाजूला राहिली. हाडवैद्य उरले, पण तपासणीशिवाय. घट्ट बांबूपट्ट्यांत बांधलेला, बोटे काळी पडलेली मुले मी पाहिली आहेत. एकाचा हात वाचला नाही. कौतुक करताना हेही सांगायला हवे.

मोजण्याचे काम पुढे नेले ते चीनच्या ताई ची या युद्धकलेवर. ती संथ लयीत, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत करतात. १९९६ साली अमेरिकेत अटलांटा येथे सत्तरी ओलांडलेल्या २०० जणांवर प्रयोग झाला. ताई ची करणाऱ्यांत वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला. २०१२ साली पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांना २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा, एकेक तास व्यायाम दिला. तोल सांभाळण्यात ताई ची सरस ठरली. मात्र पडण्याचे प्रमाण फक्त ताण देण्याच्या व्यायामाच्या तुलनेत कमी झाले. वजन घेऊन केलेल्या व्यायामाच्या तुलनेत तसा ठोस फरक दिसला नाही. हा बारकावा बातम्यांत गळतो, म्हणून मुद्दाम लिहिले. २०१८ साली पडण्याचा धोका असलेल्या ६७० वृद्धांच्या चाचणीत ताई चीचा गट इतर दोन्ही गटांपेक्षा कमी पडला.

आणि आजोबांचे "आपटणे"? नेदरलँड्समध्ये अनुभवी ज्युदोपटूंना गुडघ्यांवरून कुशीवर पडायला लावले. अंग गोल करून लोळण घेतल्यावर खुब्यावरचा आघात पाव हिश्शाहून जास्त कमी झाला. पण हे प्रशिक्षित खेळाडूंवरचे निष्कर्ष आहेत. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाने ते घरी करून पाहायचे नाही.

मग काय करायचे? ओट्याचा कठडा धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहा, मग पाय बदला. खुर्चीतून हात न टेकता उठबस करा. चक्कर येत असेल तर आधी मला सांगा. पडल्यावर खुबा दुखून पाय टेकवत नसेल, किंवा पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर चोळू नका, ओढू नका. आधी एक्स-रे काढा.

आजोबांचा रक्तदाब झोपवून आणि उभा करून पाहिला. उभे राहताच तो चांगलाच खाली येत होता. त्यांची एक गोळी कमी केली. दोन आठवड्यांनी ते नातवाला घेऊन आले आणि विचारले, "आता बैठका मारू का?" मी म्हटले, "मारा, पण खाटेची कडा धरून, आणि अर्ध्याच." तेवढ्यावर ते खूश नव्हते.